पहिलं काँक्रीट पडायच्या आधी

(चिपळूण येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा हा मुद्रित मजकूर. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवला आहे.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते भूगोल शिकवायचे. भिंतीवर नकाशा टांगायच्या आधी टेबलावर दगड मांडायचे. पावसाळ्यात एकदा त्यांनी ओल्या जांभ्याचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आधी वास घे, मग व्याख्या पाठ कर. पुढे मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, व्याख्याही पुष्कळ पाठ करून घेतल्या, पण दगड हातात घेतला की अजून आधी नाकाशी जातो. विद्यार्थी हसायचे. हसू देत.

आजचा विषय पत्रिकेवर ‘लहान अणुभट्टीचा पाया’ असा छापला आहे. ती वाचून दोघांनी मला फोन केला, की चिपळूणला अणुभट्टी येतेय की काय. येत नाहीये. तेव्हा आज रात्री निवांत झोपा. पण विषय चिपळूणलाच मांडावा असं मला वाटलं, कारण खोदकाम म्हणजे काय हे ज्या गावांना पुस्तकाशिवाय कळतं, त्यात तुमचं गाव फार वरचं आहे. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयना जलविद्युत प्रकल्पाचं वीजघर आहे. कोळकेवाडीच्या पायथ्याला तिसरा टप्पा आहे, अलोऱ्याच्या बाजूला चौथा. १३ मार्च १९९९ला शिवसागर जलाशयाच्या बुडाखालून बोगदा नेऊन, शेवटचा खडक सुरुंगाने उडवून तळ्याला खालून भोक पाडलं, ते देशातलं पहिलं लेक टॅपिंग. त्या विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी सह्याद्री ओलांडून तुमच्या वाशिष्ठीत येतं. ‘अवजल’, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, हा शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, इथे तो भाजीवालीलाही ठाऊक असतो.

आणि २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर तुम्ही आणखी काही शब्द शिकलात. निळी पूररेषा, लाल पूररेषा, घनमीटर. नदीतला गाळ काढा म्हणून इथली माणसं उपोषणाला बसली. किती घनमीटर निघाला, किती उरला, यावर टपरीवर चहाच्या पेल्याबरोबर वाद घालणारं दुसरं गाव मला माहीत नाही. परशुराम घाटात महामार्गासाठी डोंगर कापला, तेव्हा कापलेल्या भिंतीत वर जांभा, मध्ये मऊ माती आणि खाली काळा खडक असे थर उघडे पडले आणि पावसात दरडी कशा कोसळल्या, तेही तुम्ही पाहिलंत. तेव्हा मला इथे अ-आ-इ-ई पासून सुरुवात करायची गरज नाही.

तरी एक घरची गोष्ट सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या परसात विहीर खणायला घेतली. पाणाड्या येऊन गेला होता. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला ती जागा आजोबांनी चुन्याने आखून घेतली. दोन पुरुष खोलीपर्यंत जांभा बरा सुटला. खणणाऱ्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. ते फारसं खणत नसत. पहार उभी धरायचे, हातभर वर उचलून सोडायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. खणखणीत आवाज आला की पुढे सरकायचे. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा पहार सोडली, पुन्हा बद्द. म्हणाले, खाली पोकळ बोलतंय. आजोबांनी नारळाचा दाखला दिला. म्हातारे काही बोलले नाहीत, त्यांनी सगळ्यांना वर यायला सांगितलं आणि काठावरून पहार जोरात खाली टाकली. ती अर्धी आत गेली. जांभ्याखालची पांढुरकी माती पाण्याने वर्षानुवर्षं वाहून नेली होती आणि तिथे माणूस वाकून जाईल एवढं भुयार झालं होतं. विहीर आठ हात बाजूला सरकवली. आजही तिला पाणी आहे.

आज मला जे म्हणायचं आहे, त्याचं मूळ त्या पहारीच्या आवाजात आहे. आता अणुभट्टीकडे येतो.

२०२५च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने अणुऊर्जेच्या नव्या मोहिमेसाठी २०,००० कोटी रुपये ठेवले आणि २०३३पर्यंत देशी बनावटीच्या निदान पाच लहान अणुभट्ट्या चालू करायचं उद्दिष्ट जाहीर केलं. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० मेगावॉटची एक आणि ५५ मेगावॉटची एक अशा दोन भट्ट्यांची रचना करत आहे, आणि या दोन्हींची पहिली जोडणी आपल्या महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात तारापूरला करायचा प्रस्ताव आहे, असं सरकारने संसदेत सांगितलं आहे. डिसेंबर २०२५मध्ये ‘शांती’ नावाचा नवा कायदा झाला. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा दायित्व कायदा त्याने मोडीत काढला आणि खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं.

‘लहान’ म्हणजे किती? आंतरराष्ट्रीय मोजमापात ३०० मेगावॉटपर्यंतच्या भट्टीला लहान म्हणतात. तुमच्या कोळकेवाडीचा तिसरा टप्पा ३२० मेगावॉटचा आहे, त्याला कोणी कधी लहान म्हटल्याचं ऐकिवात नाही. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या आज प्रत्येकी १६० मेगावॉटच्या धरल्या जातात. त्या काळी ते देशाचं भलंमोठं काम होतं. खड्ड्याच्या बाबतीत तर ‘लहान’ हा शब्द अगदीच फसवा. कॅनडात ओंटारिओ प्रांतात डार्लिंग्टनला ३०० मेगावॉटच्या नव्या भट्टीचं काम सुरू आहे. तिची मुख्य इमारत जमिनीत सुमारे ३५ मीटर खोल उतरते, म्हणजे दहा मजली इमारत उलटी पुरल्यासारखी. भोवतालची जमीनच भिंतीचं काम करते, वरून काही कोसळलं तरी धक्का कमी पोचतो, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही. पण त्यामुळे भट्टीची सगळी भिस्त त्या जमिनीवर येते, आणि ती जमीन कशी आहे हे कळायचा खरा क्षण म्हणजे खोदकाम.

त्याआधी चाचण्या होत नाहीत का? होतात, भरपूर होतात. तुम्ही राजापूरकडच्या बातम्यांत ‘माती परीक्षण’ हा शब्द वाचला असेल. एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, रिफायनरीसाठी बोअर मारायला यंत्रं आली, तेव्हा बायाबापड्या उन्हात कातळावर आडव्या झाल्या. शहरातल्या पुष्कळांना वाटलं, नुसती माती तपासतायत तर एवढं काय? कातळावर झोपलेल्या बायांना मात्र नीट कळलं होतं की बोअर ही पहिली पायरी असते आणि पुढच्या पायऱ्यांवर त्यांना कोणी विचारणार नाही. रिफायनरी हवी की नको हा वेगळा वाद. पायरी ओळखण्यात त्यांची चूक झाली नव्हती.

बोअरमधून काय निघतं ते सांगतो, कारण ते पाहिलेली माणसं थोडी असतात. हिरे बसवलेली पोकळ नळी खडकात फिरवत नेतात आणि खडकाची सव्वादोन इंच जाडीची कांडी बाहेर काढतात. या कांड्या लाकडी पेटीत ओळीने मांडतात, मधूनमधून लाकडी ठोकळ्यांवर रंगाने खोली लिहितात. आमच्यासारख्याला ती पेटी म्हणजे पंचांग. वर जांभ्याचे लालपिवळे भोकाभोकांचे तुकडे. मग मातकट, बोटाने दाबलं तर दबणारा थर. मग काळा बेसॉल्ट, कधी गुळगुळीत अखंड, कधी बुडबुड्यांचा, त्या बुडबुड्यांत पांढरी खनिजं भरलेली. दोन लाव्हा थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, घाटात बसच्या खिडकीतून दिसतो तोच. मग हिशोब करतात. एक मीटर खोदल्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा लांब कांड्यांची बेरीज नव्वद सेंटिमीटर भरली तर खडक उत्तम. पन्नासच्या खाली आली की इंजिनिअरच्या कपाळाला आठी. जिथे कांडी मिळालीच नाही, तिथे पेटीत जागा रिकामी ठेवतात. पेटी बघताना मी विद्यार्थ्यांना आधी ती रिकामी जागा बघायला सांगायचो. खडकाने तिथे काहीतरी लपवलेलं असतं.

आता मेख अशी, की आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आधणात शिजलेली असतात. खडक तसा शिजलेला नसतो. शंभर मीटरच्या चौकात वीस बोअर मारले तरी ती टाचणीची वीस टोचणंच. त्यातही बोअर सरळ खाली जातो, आणि खडकातल्या उभ्या भेगाही सरळ खालीच जातात. दोन बोअरच्या मधून एखादी उभी भेग तशीच निसटते, तिरके बोअर मारले तरी कधीकधी निसटते. खड्डा उघडला की मात्र ती भिंतीवर वरपासून खालपर्यंत दिसते.

आणि भेग दिसली की प्रश्न येतो, ही नुसती भेग आहे की भ्रंश? खडक तडकला ती भेग. तडकून एक बाजू दुसरीवरून सरकली तो भ्रंश. भ्रंश म्हातारा असेल, कोट्यवधी वर्षांत हललेला नसेल, तर चिंता कमी. अलीकडे हललेला असेल तर पुन्हा हलू शकतो. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या जागानिवडीच्या नियमात स्पष्ट आहे, की हलू शकणारा भ्रंश भट्टीपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर ती जागा बाद.

खड्ड्याने निकाल दिल्याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला बोडेगा हेड नावाचं समुद्रात घुसलेलं ग्रॅनाइटचं टोक आहे. कोळ्यांचं बंदर आणि वाऱ्याने झोडपलेला कडा, आपल्या जयगडकडच्या माणसाला ओळखीचं वाटेल असं. तिथे पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीला सुमारे ३२५ मेगावॉटची, म्हणजे आजच्या भाषेत जवळजवळ ‘लहान’ अणुभट्टी उभारायची होती. १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को ज्याने हलवलं त्या सॅन अँड्रियास भ्रंशपट्ट्याच्या कडेपासून ही जागा अवघी हजारएक फूट. कंपनीचं म्हणणं, भ्रंश तिकडे आहे, आमचा ग्रॅनाइट इकडे अखंड आहे. विरोधकांत कोळी होते, समुद्री जीवांचे अभ्यासक होते, दूध-दुभत्याचा धंदा करणारे होते. खोदकाम सुरू झालं. सुमारे सत्तर फूट खोल गोल खड्डा झाला, आणि १९६३मध्ये त्याच्या भिंतीत सरकारी भूशास्त्रज्ञांना भ्रंश दिसला. भट्टी जिथे बसणार होती त्याच जागेतून तो आरपार गेलेला. ग्रॅनाइटवरच्या तरुण गाळाच्या थरांनाही त्याने सरकवलं होतं, म्हणजे तो फार जुना नव्हता.

पुढचा वर्षभराचा वाद मला सगळ्यात बोधप्रद वाटतो. कंपनी म्हणाली, इमारतीखाली आणि भोवती मऊ भर घालू, जमीन काही फूट सरकली तरी भट्टी शाबूत राहील. अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीला ते पटलं. त्याच आयोगाच्या नियामक कर्मचाऱ्यांना पटलं नाही. असा उपाय आजवर कुठेच आजमावलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. एकाच संस्थेत दोन मतं, दोन्ही कागदावर, दोन्ही लोकांपुढे. कंपनीने ३० ऑक्टोबर १९६४ला माघार घेतली. खड्डा तसाच राहिला, पावसाचं पाणी भरलं, आता तिथे तळं आहे. स्थानिक लोक त्याला ‘डोक्यातलं भोक’ म्हणतात, त्यांच्या भाषेत ‘हेड’ म्हणजे भूशिरही आणि डोकंही. थट्टा बरी साधली आहे.

तारीख लक्षात ठेवा, ऑक्टोबर १९६४. त्याच महिन्यात आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचं बांधकाम सुरू झालं. भट्टीचा प्रकार तोच, उकळत्या पाण्याचा. बनवणारी कंपनीही तीच, जनरल इलेक्ट्रिक. तिकडे एक खड्डा पाण्याने भरायला लागला आणि इकडे दुसरा उघडला. मी असं सुचवत नाही की तारापूरच्या खडकात काही खोट आहे. त्या भट्ट्या बेसॉल्टवर अर्धशतकाहून अधिक काळ उभ्या आहेत, ही साधी गोष्ट आहे. पण त्या काळची समजूत आठवा. भारताचं द्वीपकल्प म्हणजे पृथ्वीवरचा थंड, स्थिर तुकडा, इथे मोठा भूकंप होत नाही, असं आम्ही पुस्तकात शिकलो, आणि पुढे मीही दोन-चार वर्षं वर्गात तेच शिकवलं, हे कबूल करतो. तारापूरचं काम चालू असतानाच ११ डिसेंबर १९६७ची पहाट उजाडली. कोयनानगर कोसळलं. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी कोणी त्या पहाटे अंथरुणातून अंगणात धावलं असेल. दीडशेहून अधिक माणसं गेली, धरणाला तडे पडले, ते पुढे पक्कं करावं लागलं. आणि १९९३ला किल्लारी. जिथे भ्रंश दाखवता येत नव्हता तिथे.

कोयनेच्या खाली नेमकं काय आहे, याचा शोध अजून चालू आहे. त्यासाठी कराडला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे. त्यांनी तीन किलोमीटर खोल बोअर मारला. वरचा सव्वा किलोमीटर नुसता बेसॉल्ट, थरावर थर, आणि त्याच्या खाली एकदम जुनापुराणा ग्रॅनाइट. दख्खनच्या या काळ्या गोधडीखाली काय दडलं आहे हे वरून दिसत नाही. म्हणूनच २०११मध्ये रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या दोन भूकंपशास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’मध्ये जैतापूरबद्दल लिहिलं, की तिथे नोंदलेला मोठा भूकंप नाही एवढ्यावरून तो होणारच नाही असं म्हणता येणार नाही. त्यांना विरोध करणारेही होते. जैतापूरच्या जागेबद्दलचा तो वाद मिटला नाही, आणि मिटायचा तर तो कागदावर मिटणारही नाही.

माडबनकडे, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागेकडे, यावंच लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात बसून अणुभट्टीच्या पायाबद्दल बोलायचं आणि माडबन टाळायचं म्हणजे लग्नाला जाऊन नवरदेव न बघता परतणं. तिथे लहान भट्टीचा प्रस्ताव नाही. प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, जमीन ९३८ हेक्टर. २०१०मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली, एप्रिल २०११मध्ये साखरी नाट्याला गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. भूसंपादनाचे चेक लोकांनी आधी नाकारले, पुढे मोबदला वाढवला गेला. भट्टी अजून उभी नाही. हा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून थांबत नाही.

मला तिथल्या सड्याबद्दल बोलायचं आहे. माडबनचा सडा समुद्रापासून सुमारे पंचवीस मीटर उंच. २०११नंतर ‘आपण उंचावर आहोत, इथे त्सुनामी पोचणार नाही’ असं वारंवार सांगितलं गेलं. ठीक. पण जपानमध्ये फुकुशिमाचा मूळ कडाही समुद्रापासून सुमारे पस्तीस मीटर उंच होता, हे किती जणांना सांगितलं गेलं? १९६०च्या दशकात पाया खणताना तो कडा तासून पहिल्या चार भट्ट्यांसाठी दहा मीटरवर आणला. कारणं अगदी व्यवहारी होती. समुद्राचं पाणी वर चढवायला पंपाचा खर्च कमी, जड सामान जहाजावरून उतरवायला सोयीचं, आणि खालचा खडक जास्त घट्ट. मार्च २०११च्या भूकंपानंतर लाट चौदा-पंधरा मीटर उंच आली. उत्तरेला ओनागावाचं केंद्र होतं, त्याच भूकंपाच्या जवळच. त्याची जमीन जवळजवळ पंधरा मीटरवर ठेवली होती, ते वाचलं. फुकुशिमाचं नशीब लाट येण्याच्या चाळीसहून अधिक वर्षं आधी, खोदकामाच्या नकाशावर ठरलं होतं. तेव्हा सड्याची आजची उंची मला सांगू नका. तो सडा किती तासणार आणि तासून झाल्यावर भट्टीचा तळ समुद्रसपाटीच्या किती वर किंवा खाली येणार, तेवढं सांगा.

सड्यावर आणखी एक गोष्ट असते, पाणी. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या मातीवर अडतं आणि उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. पायथ्याच्या वाडीची विहीर, कलमांची बाग, गुरांची डबकी, सगळी त्या झऱ्यांवर. खोल खड्डा खणला की पाणी तिकडे धावतं आणि ते रात्रंदिवस पंपाने उपसावं लागतं. उपशाने भोवतालची पाणपातळी खाली जाते, आणि समुद्र जवळ असेल तर खारं पाणी गोड्याच्या जागी सरकायला बघतं. चिरेखाणीशेजारी राहणाऱ्याला हे समजवायला तज्ज्ञ लागत नाही. खाणीला पाणी लागलं की शेजारची विहीर आधी बोलते. म्हणून खोदकाम सुरू व्हायच्या आधी भोवतालच्या प्रत्येक विहिरीची पातळी आणि चव, मे महिन्यात आणि सप्टेंबरात, गावकऱ्यांच्या सहीने नोंदवून ठेवायला हवी. नंतर नोंदवली तर ती तक्रार ठरते.

आता खड्डा उघडल्यानंतर काय होतं ते बघा. आपल्याकडे अणुभट्टीला परवानग्या टप्प्याटप्प्याने मिळतात. जागेची वेगळी, खोदकामाची वेगळी, पहिल्या काँक्रीटची वेगळी. कारवार तालुक्यात कैगाच्या पाचव्या-सहाव्या भट्ट्यांसाठी २०२२मध्ये खोदकाम सुरू झालं, ते असंच खोदकामाची परवानगी घेऊन. ही पद्धत शहाणपणाची आहे, मनापासून सांगतो. खोदकाम संपलं की खडक पाण्याच्या आणि हवेच्या झोताने धुतात. मग आमच्यासारखी माणसं टेप, होकायंत्र आणि कागद घेऊन खाली उतरतात आणि भिंतीची, तळाची प्रत्येक भेग नकाशावर चढवतात. कुठून पाणी झिरपतंय, कुठे खडक कुजलाय, कुठे तांबडा पट्टा आहे. सैल खडक खरवडून काढतात, भेगांत सिमेंटची पिचकारी मारतात. नियामक मंडळ ते तपासतं. मग पहिलं काँक्रीट पडतं.

आणि ते पडलं की झालं. पुढची साठ, ऐंशी, भट्टी मोडेपर्यंतची शंभर वर्षं तो खडक कोणाला दिसत नाही. तुमचं अख्खं आयुष्य, तुमच्या नातवाचं आयुष्य त्या न दिसणाऱ्या खडकावर विसंबलेलं असतं, आणि तो उघडा असतो फक्त काही आठवडे, फार तर काही महिने. त्या काळात तो पाहिलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातले बहुतेक पगार घेऊन पाहणारे असतात. मी त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही, मी स्वतः अशा कामांवर गेलो आहे. पण आमच्या विहिरीवरच्या म्हाताऱ्याला आजोबांनी बोलू दिलं, त्याच्यावर मुदतीचा दट्ट्या नव्हता. मोठ्या कामावर काँक्रीटचे ट्रक ताटकळत उभे असतात, मंत्र्यांच्या भेटीची तारीख ठरलेली असते, आणि अशा वेळी बद्द आवाज ऐकायला फार मोठा कान लागतो.

एक अनुभव सांगतो, जागेचं नाव घेत नाही. अणुभट्टी नव्हती, एक साधं धरणाचं काम होतं. पायाच्या कोपऱ्यात मला कुजलेला पट्टा दिसला. मी नकाशावर तो जाड रेघेने दाखवला. अंतिम अहवालात रेघ बारीक झाली होती. धरण अजून उभं आहे, काही बिघडलेलं नाही, कदाचित माझीच रेघ जास्त जाड असेल. पण ती का बारीक झाली हे मला आजतागायत कोणी सांगितलं नाही, आणि पडताळून बघायला तो कोपरा आता पाण्याखाली आहे.

अणुऊर्जा हवी की नको, याचा निकाल द्यायला मी आलेलो नाही. माझं मत विचाराल तर, कोळशाची राख आणि वाढता उन्हाळा बघता मी तिला सरसकट नकार देणार नाही. पण खाजगी कंपन्या येणार, लहान भट्ट्या कारखान्यांच्या आवारात उभारायच्या गोष्टी होणार, एकाऐवजी अनेक खड्डे निघणार. ‘लहान आहे’ म्हणून चौकशीही लहान करा, असा आग्रहही होणार. तो मान्य करू नका. खड्डा दोनशे मेगावॉटचा असो की सोळाशेचा, खालचा खडक मेगावॉट विचारत नाही.

म्हणून एक मागणी आहे, आणि ती चिपळूणने करावी, कारण गाळाचा हिशोब सरकारकडून मागून घ्यायची सवय या गावाला आहे. तारापूरला किंवा कोकणात कुठेही भट्टीचा पाया उघडला, तर पहिलं काँक्रीट पडायच्या आधी निदान पंधरा दिवस तो लोकांना बघायला उघडा ठेवावा. सुरक्षेच्या अडचणी सांगतील. यादी करा, ओळखपत्रं बघा, मोबाइल बाहेर ठेवा, पण उघडा ठेवा. भिंतीचा नकाशा मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. बोअरच्या पेट्या फेकून देऊ नयेत, त्या जवळच्या महाविद्यालयात ठेवाव्यात, रिकाम्या जागांसकट. शास्त्रज्ञांचं दुमत असेल तर दोन्ही मतं छापावीत, अमेरिकेने १९६४ला ते केलं होतं.

या मागणीचं पत्र मी लिहून आणलं आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे. भाषण आवडलं नसेल तरी सही करून जा. भूगोलाच्या शिक्षकांनी शाळेचं नाव घालावं, आणि ज्यांच्या घरी विहीर खणलेली आठवते त्यांनी ती किती पुरुष खोल आहे तेही लिहावं. पंधरा दिवस मिळाले तर चिपळूणहून एक बस तारापूरला नेऊ. पहार मी घेऊन येईन.